सूरसागरच्या काठी एक बारी हवी

3 मे 1952 रोजी नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत किटी वेल्स नावाची बत्तीस वर्षांची बाई एक गाणं रेकॉर्ड करून घरी गेली. पदरात तीन मुलं होती, गाण्यात म्हणावं तसं यश मिळालं नव्हतं, आता गाणं सोडून घरच बघावं असं मनात चाललं होतं. रेकॉर्डिंगचे 125 डॉलर मिळणार होते, म्हणून ती आली. गाणं म्हणजे एक उत्तर होतं. त्या वर्षी हँक थॉम्प्सनचं एक गाणं अमेरिकेत गाजत होतं. घर सोडून गुत्त्यातल्या दिव्यांकडे गेलेल्या बाईला त्यात बोल लावला होता. किटीनं सुनावलं की अशा बायका देव घडवत नाही. लग्न झालेलं असून सडेफटिंगासारखे वागणारे पुरुष त्या घडवतात. एनबीसी रेडिओनं ते गाणं वाजवायला नकार दिला. ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या मानाच्या मंचावर सुरुवातीला तिला ते गाऊ दिलं गेलं नाही. तरीही ती रेकॉर्ड कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. एकट्या गायिकेनं त्या जागी पोचण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्याहून महत्त्वाची गोष्ट चालीची आहे. किटीनं थॉम्प्सनच्याच चालीवर त्याला उत्तर दिलं. ती चाल थॉम्प्सनचीही नव्हती. आधी कार्टर कुटुंबानं तिच्यावर विरहगीत गायलं होतं आणि रॉय एकफनं भजन. विरह, देव, आरोप आणि जबाब असं सगळं एकाच चालीत मावलं. मराठी कानाला यात परकं काही वाटू नये. कलगीवाल्यांनी सवाल टाकायचा आणि तुरेवाल्यांनी त्याच चालीत, त्याच यमकात तो परतवायचा, हा आपला जुना खेळ. नॅशव्हिलमध्ये झाला तो सवाल-जवाबच.

हॉंकी-टॉंक या शब्दाचा उगम कुणालाच नीट लावता आलेला नाही, पण जागा कसली हे सगळ्यांना ठाऊक आहे. टेक्सास आणि ओक्लाहोमात हमरस्त्याच्या कडेला, बहुधा गावाच्या हद्दीबाहेर, म्हणजे गावचे कर आणि गावचे कायदे पोचणार नाहीत अशा ठिकाणी उभा असलेला लाकडी गुत्ता. 1930 साली पूर्व टेक्सासमध्ये तेलाचा प्रचंड साठा सापडला, 1933 साली देशातली दारूबंदी उठली, आणि घरापासून दूर राबणाऱ्या, खिशात रोख पगार असलेल्या माणसांसाठी असे गुत्ते पसरले. तिथं गोंगाट एवढा, की साध्या गिटारचा आवाज बुडून जाई. ज्यूकबॉक्स चालवणाऱ्यांनी अर्नेस्ट टबकडे तक्रार केली की संध्याकाळी गिऱ्हाईक वाढलं की तुमची गाणी ऐकूच येत नाहीत. टबनं विजेवरची गिटार घेतली आणि 1941 च्या त्याच्या गाण्यानं या संगीताला त्याचा आवाज मिळवून दिला. त्या गिटारचा तो धारदार, चिरत जाणारा सूर खोलीच्या गरजेतून जन्मला.

ढोलकीची थाप अशीच मैदानाच्या गरजेतून घडली. हजारो माणसांच्या फडात, आवाज वाढवणारी यंत्रं नसताना, शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर थाप कडाडायलाच हवी. पण हॉंकी-टॉंकचं खरं मराठी भावंड फडाचा तमाशा नव्हे, संगीत बारी. बारी म्हणजे पाळी. एका थिएटरात पाच-दहा पार्ट्या मुक्कामाला असतात, प्रत्येक पार्टीला तिची मालकीण, आणि मंचावर एकेक पार्टी आपल्या पाळीनं कला दाखवते. त्यानंतर ज्याला ज्या पार्टीचं गाणं आवडलं त्यानं त्या पार्टीची बैठक सांगायची. सोलापूर रस्त्यावरचं चौफुला घ्या, त्याच रस्त्यानं पुढचं मोडनिंब घ्या, नाहीतर जामखेड. ही कलाकेंद्रं बव्हंशी मोठ्या रस्त्यांवर, गावाच्या कडेला वसलेली आहेत. शहराच्या मध्यावर टिकून राहिलेलं पुण्याचं आर्यभूषण थिएटर हा अपवाद. परवान्याचे नियम आणि गावकऱ्यांच्या नजरा यांनी गाण्याला जिथं लोटलं, तिथं ते बसलं. टेक्साससारखंच.

बैठकीच्या खोलीत शिरलं की हॉंकी-टॉंक म्हणजे काय ते समजतं. खोली लहान. एका अंगाला पेटी, शेजारी तबला आणि ढोलकी. गाणारी नऊवारीत खाली बसलेली, समोर तीन-चार हातांवर ऐकणारे. पायात चाळ असले तरी पाय हलत नाहीत. हलतात त्या भुवया, बोटं, पदराचं टोक. एक ओळ ती पुन्हा पुन्हा घेते. पहिल्यांदा ती ओळ तक्रार असते, मग आर्जव, मग टोमणा, मग थकून सोडून दिलेला हट्ट. शब्द एकही बदललेला नसतो. समोरच्यानं फर्माईश करायची, दौलतजादा द्यायचा, आणि तिनं त्याच्या डोळ्यांत बघून गायचं. वाईच्या यमुनाबाई वाईकर या कलेत पारंगत होत्या. लहानपणी रस्त्यावर नाचून पोट भरलेल्या या बाईंना 2012 साली पद्मश्री मिळाली आणि 2018 साली त्या शंभरी ओलांडून गेल्या. त्यांची बैठकीची लावणी ज्यांनी ऐकली त्यांना अदाकारी या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही.

या दोन्ही जागांचं सत्त्व कशात आहे? हॉंकी-टॉंकबद्दल लिहिणारे बहुतेक जण दारू आणि दुःख ही उत्तरं देतात. हँक विल्यम्सची गोष्ट त्यांच्या हाताशी असते. अलाबामातला हा पोरगा रूफस पेन या रस्त्यावर गाणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंताकडून गिटार शिकला, देशभर गाजला, ऑगस्ट 1952 मध्ये पिण्यापायी ऑप्रीतून काढला गेला आणि 1 जानेवारी 1953 रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, कार्यक्रमाला जाताना मोटारीच्या मागच्या सीटवर मेला. गोष्ट खरी आहे. पण दारू आणि दुःख जगात सगळीकडे आहे आणि त्यातून सगळीकडे गाणं उपजत नाही. हे गाणं टिकलं ते गाणारा आणि ऐकणारा यांच्यातल्या नात्यामुळे. अंतर कमी, फर्माईश समोरासमोर, पैसा उघडपणे हातातून हातात, आणि जे घरात बोलता येत नाही ते अनोळखी माणसांदेखत बोलायची मुभा. त्यात बाईला उलट बोलायचा हक्क. या गोष्टी जिथं शाबूत आहेत तिथं वाद्यं बदलली, भाषा बदलली, अगदी दारू गेली तरी बिघडत नाही.

हे तपासून पाहायला बडोद्याएवढं योग्य शहर नाही.

तेल बडोद्यालाही लाभलं. 1960 साली अंकलेश्वरला तेल लागलं, 1965 साली कोयलीचा शुद्धीकरण कारखाना सुरू झाला, मागोमाग पेट्रोकेमिकल्स आलं. घर सोडून आलेली, पाळ्यांमध्ये राबणारी, महिन्याला रोख पगार घेणारी माणसं इथंही आली. टेक्सासमध्ये यातून जे उगवलं ते इथं उगवलं नाही, आणि कायदा त्याचं एक कारण आहे. बडोदा संस्थान 1 मे 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. मुंबईचा दारूबंदी कायदाही त्याच वर्षीचा. पुढची अकरा वर्षं बडोदं, पुणं आणि मोडनिंब एकाच राज्यात होती. 1 मे 1960 ला राज्यं वेगळी झाली. महाराष्ट्रानं पुढे त्या कायद्याची धार बोथट केली, गुजरातनं आजतागायत टिकवली.

पण कायदा हे अपुरं कारण आहे. बडोद्यात गाण्याचा आणि गुत्त्याचा काडीमोड कारखाने येण्याच्या कितीतरी आधी झाला होता. तो सयाजीराव महाराजांच्या काळात झाला आणि अत्यंत चांगल्या हेतूनं झाला.

सयाजीरावांच्या दरबारात कलावंत खातं होतं. गवई, बजवय्ये, नाचणाऱ्या, कीर्तनकार सगळे त्याच्या पटावर. त्यांच्या हजेरीचे, रजेचे, दंडाचे नियम होते. 1886 साली मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली गेली. त्यांनी स्वरलिपी तयार केली, पुस्तकं छापली, आणि ज्याला घराणं नाही, उस्ताद नाही, अशा सामान्य घरातल्या मुलाला शाळेत जाऊन गाणं शिकता येऊ लागलं. 1916 साली भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली ती बडोद्यातच. आज सूरसागर तलावाशी महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला सादरीकरणाची जी विद्याशाखा उभी आहे, तिचं मूळ त्या गायनशाळेत आहे. हिंदुस्थानात गाणं माडीवरून उतरवून शाळेत बसवण्याचं काम इतक्या नेटानं फार थोड्या शहरांनी केलं. हे ऋण मान्य करूनच पुढचं बोलायला हवं.

पुढचं असं की या वाटेत काही माणसं मागे राहिली. 1880 साली तंजावूरच्या लक्ष्मीबाई मोहिते महाराणी चिमणाबाई होऊन बडोद्याला आल्या, त्या सुमारास तिकडच्या नर्तकी आणि त्यांचे गुरूही दरबारात आले. कांता आणि गौरा ही त्यांतली दोन नावं. भरतनाट्यम हे नाव रूढ होण्याआधी पन्नास वर्षं त्या ते नृत्य बडोद्यात करत होत्या. पुढे विद्यापीठात ते नृत्य पदवीचा विषय झालं. त्या गुरूंच्या घराण्यातले कुबेरनाथ तंजावूरकर तिथं शिकवत होते. शिकवणाऱ्याची परंपरा वर्गात आली. नाचणाऱ्यांची नावं संशोधकांच्या पुस्तकांत उरली.

हिराबाई बडोदेकरांची गोष्ट याहून बोलकी आहे. त्यांच्या आई ताराबाई बडोद्याच्या सरदार माने घराण्यातल्या. दरबारी गवई अब्दुल करीम खाँ यांच्याबरोबर त्या बडोदं सोडून गेल्या. मिरजेत 1905 साली जन्मलेल्या हिराबाईंनी आडनावात बडोदं सांभाळलं. बाई गाते म्हणजे ती कोण, हा प्रश्न ज्या काळात लोक उघड विचारत त्या काळात त्यांनी तिकीट लावून मैफली केल्या. मंचावर त्या अंगभर पदर घेऊन, हातवारे न करता, नजर शांत ठेवून बसत. त्या बसण्यामुळे पुढच्या पिढ्यांतल्या असंख्य मुलींना गाणं शिकायची वाट मोकळी झाली, एवढं मोठं ते काम आहे. मात्र त्याची किंमत काय होती, हेही सांगितलं पाहिजे. बाईनं गायचं असेल तर तिनं हात, भुवई आणि नजर घरी ठेवून यावं, असा अलिखित करार त्यातून समाजानं करून घेतला. हा करार हिराबाईंनी लिहिला नव्हता. त्यांनी तो निभावला, आणि तो निभावल्याशिवाय त्यांना कुणी बसू दिलं नसतं.

मराठी रंगभूमीनंही हेच केलं. गोविंदराव टेंब्यांनी 1911 च्या ‘मानापमान’ला चाली दिल्या तेव्हा पूरबकडच्या गाणाऱ्या बायकांच्या ठुमरी-दादऱ्यांचं धन त्यांनी मोकळ्या हातानं आणलं. मराठी घरांनी त्या चाली देवघरात गुणगुणल्या. चाली आल्या, बायका आल्या नाहीत. सयाजीरावांचा आश्रय लाभलेल्या गंधर्व मंडळीच्या रंगमंचावर स्त्रीची भूमिका पुरुष करत होता. बालगंधर्वांचं गाणं थोर आहे याबद्दल दुमत नाही. तरी सवाल उरतो की जिची चाल, तिला जागा का नाही?

याला अपवाद ठरले फैयाज खाँ. बडोद्याचे दरबारी गवई, ‘आफताब-ए-मौसिकी’ ही पदवी, आग्रा घराण्याची ध्रुपद अंगाची भारदस्त गायकी. आणि हेच खाँसाहेब ठुमरी, दादरा, गझल तितक्याच हौसेनं गात. मैफलीत समोरच्याकडे बघून, शब्दाला हसवत, रडवत गात. दरबारी कानडा गाणाऱ्या गळ्याला दादऱ्याची लाज वाटली नाही. माडीवरचं गाणं न धुता दरबारात आणता येतं हे त्यांनी याच शहरात, 1950 साली डोळे मिटेपर्यंत दाखवून दिलं.

लावणीला मात्र बडोद्याच्या शाळेचं दार उघडलं नाही. विद्याशाखेत गायन आहे, वादन आहे, तबला आहे, नृत्य आहे, नाट्य आहे. लावणीचा स्वतंत्र विभाग नाही. शहरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसं राहतात, दांडिया बाजार, रावपुऱ्यात मराठी सहज कानावर पडते, गणपती बसतात, आणि त्यांची सगळ्यांत जिवंत, सगळ्यांत तोंडाळ लोककला शहराला ठाऊक आहे ती सिनेमातून आणि स्नेहसंमेलनातल्या रेकॉर्डवरच्या नाचातून. सुलोचना चव्हाणांचा ठसका रेडिओनं बडोद्याच्याही घरात नेला असेल. दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन गाणाऱ्या त्या लावणीसम्राज्ञीनं लावणी माजघरात नेली, हे मोठंच. पण माजघरात पोचलेला आवाज आणि समोर बसलेली बाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेकॉर्डला उलट बोलता येत नाही.

इथं एक आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. बारीच्या थिएटरचं कौतुक करणाऱ्यांनी तिथल्या बायकांचं आयुष्य पाहिलंय का? किशोर शांताबाई काळे यांच्या 1994 सालच्या ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये ते आयुष्य आहे: नाचणाऱ्या मुलीच्या पैशावर बसून खाणारं घर, चिरा उतरवण्याची रीत, बापाचं नाव नसलेली मुलं. विठाबाई नारायणगावकर भर तमाशात पोटात कळा आल्यावर पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा मंचावर उभ्या राहिल्या. लोक ही गोष्ट त्यांच्या जिगरीची म्हणून सांगतात, पण ती त्यांच्या सक्तीचीही आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या बाईंचे अखेरचे दिवस हलाखीत गेले आणि 2002 साली त्या वारल्या. पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जातीचं सगळं सोडून पवळाबरोबर फडावर उभे राहिले आणि 1945 साली दारिद्र्यात गेले. या कलेच्या प्रत्येक थोर नावापुढे असं काहीतरी लिहावंच लागतं.

पण शोषणावर उपाय म्हणून गाणं धुणं किंवा बंद करणं हे औषध दोनदा देऊन झालं आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली, मग संहिता तपासण्याच्या अटी लावून ती उठवली. 2005 साली महाराष्ट्रानं डान्स बार बंद केले. तिथल्या पुष्कळ मुली कलाकेंद्रांकडे वळल्या, न्यायालयात वर्षानुवर्षं झगडा चालला, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानं डान्स बारवरच्या अटींचा फास सैल केला. या साऱ्यात पुरुषांची चैन थांबली नाही. बायकांची कमाई मात्र बुडाली. बारीतल्या मालकिणीला बंदी नको असते. तिला ठरलेला मोबदला, शिकलेली मुलं, आजारपणात हाताशी पैसा आणि कलावंत म्हणून मान हवा असतो. तिची मागणी आणि गाण्याचं सत्त्व यांत भांडण नाही. उलट ज्या बैठकीत गाणं ऐकणारा कानसेन बसतो, तिथंच तिला जपून राहता येतं.

याची प्रचितीही आली आहे. भूषण कोरगावकरांचं ‘संगीत बारी’ हे पुस्तक 2014 साली आलं. सावित्री मेधातुल यांच्या साथीनं त्याचा रंगमंचीय प्रयोग झाला, आणि शकुंतलाबाई नगरकरांसारख्या बारीत मुरलेल्या कलावंत बायका शहरी प्रेक्षकांसमोर आल्या. त्यांना सोज्वळ करून आणलं नव्हतं. त्या जशा बैठकीत बसतात तशा बसल्या आणि समोरच्या माणसांची थट्टा करत गायल्या. तिथं दारू नव्हती. फर्माईश होती, नजर होती, उलट उत्तर होतं. म्हणजे वर जे सत्त्व म्हटलं ते गुत्त्याबाहेर, कोरड्या हॉलमध्येही तग धरतं.

अमेरिकेतही हाच अनुभव आहे. टेक्सासमधला 1878 सालचा ग्रीन हॉल आजही नाचाला खुला आहे. ऑस्टिनचा ब्रोकन स्पोक 1964 पासून चालू आहे. नॅशव्हिलच्या ब्रॉडवेवर टूट्सीजमध्ये आजही वादक मंचावर उभे राहून फर्माइशी घेतात आणि बरणीत पडणाऱ्या बक्षिशीवर त्यांची कमाई अवलंबून असते. तो दौलतजादाच. मंच चार बोटं उंच, बरणी हाताच्या अंतरावर. आसपास नामवंतांच्या नावानं चकचकीत चारमजली बार उभे राहिले, भाडी वाढली. तरी ती जुनी रीत मोडलेली नाही.

बारीवर आज खरं संकट डीजेचं आहे. रेकॉर्ड लावून नाचणं स्वस्त पडतं. पेटीवाला, तबलजी, ढोलकीवाला यांना पोसायला नको. फर्माईश मोबाइलवरच्या गाण्याची होते. ढोलकीवाला उठला की गाणारीला शब्द थांबवून धरता येत नाही, ओळ दहा वेळा फिरवता येत नाही, कारण रेकॉर्ड पुढे पळते. मग डोळ्यांत बघून उत्तर द्यायलाही उसंत नाही. सनातनी, सरकार आणि न्यायालयं यांनी जे केलं नाही ते काम एक स्पीकर करतो आहे, आणि तो स्पीकर आपणच, गणेशोत्सवाच्या वर्गणीतून, भाड्यानं आणतो.

म्हणून बडोद्यातल्या मराठी मंडळांना एक विनंती. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमातून एक रात्र बाजूला काढा. लावणी नृत्यस्पर्धा ठेवू नका. मोडनिंबची किंवा चौफुल्याची एक पूर्ण पार्टी बोलवा, पेटीवाल्यासह, ढोलकीवाल्यासह. मोठं सभागृह घेऊ नका. सूरसागरजवळ पन्नास-साठ माणसं खाली बसतील एवढी खोली घ्या, आणि गायनशाळेच्या वारसांना, विद्याशाखेतल्या मुलामुलींना, पुढच्या रांगेत बसवा. कोणती लावणी कधी, हे मालकिणीला ठरवू द्या. मोबदला तिच्या तोंडून ऐका, त्यात घासाघीस करू नका, आणि तो पार्टी बडोद्याला निघायच्या आधी तिच्या हातात ठेवा.